खाशाबांचे स्मारक आणि मसूरची बैलगाडी

१५ जानेवारी हा महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन. १९२६ साली याच तारखेला कराडजवळच्या गोळेश्वर गावात खाशाबा दादासाहेब जाधव जन्मले, म्हणून २०२३ मध्ये सरकारने हा दिवस जाहीर केला. त्या दिवशी शाळा-कॉलेजांत फोटोला हार पडतो, कोणीतरी चार शब्द बोलतो आणि दुपारपर्यंत सगळे आटोपते. दोनच दिवसांनी, १७ जानेवारीला, आपण रोहित वेमुलाच्या स्मृतीसाठी जमतो. या दोन तारखा शेजारी ठेवून कोणी पाहत नाही. कुस्तीगिराची जयंती एकीकडे, संशोधक विद्यार्थ्याचा स्मृतिदिन दुसरीकडे.

पण दोन्हीकडे प्रश्न एकच आहे. शिकणाऱ्या, खेळणाऱ्या पोराला जिवंतपणी दार कोण उघडते, कोण लावून घेते आणि तो गेल्यावर दगड कोण उभा करते? आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी हा प्रश्न खाशाबांच्या बाबतीतही विचारला पाहिजे. "खाशाबा मराठा, त्यांचे त्यांचे लोक बघून घेतील," असे म्हणणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यासाठी हा लेख मुद्दाम लिहितो आहे.

गुणवत्ता म्हणजे नेमके काय?

खाशाबा शेतकऱ्याच्या घरातले. वडील पैलवान. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात. अंगाने लहानखुरे. कॉलेजच्या वार्षिक स्पर्धेत क्रीडाशिक्षकांनी त्यांचे नाव घ्यायलाच नकार दिला, प्राचार्यांकडे जाऊन परवानगी मिळवली तेव्हा आखाड्यात उतरता आले आणि मग भल्याभल्यांना चीत केले, ही गोष्ट त्यांच्याबद्दल नेहमी सांगितली जाते. देह बघून माणूस ठरवणारी नजर आपल्या ओळखीची आहे. मुलाखतीच्या टेबलापलीकडे तीच बसलेली असते.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले. तोवर मातीत कुस्ती खेळलेला हा पोरगा पहिल्यांदाच आंतरराष्ट्रीय नियमांच्या मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला. पुढची चार वर्षे तयारी केली. तरीही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी संघ निवडताना त्यांना डावलले गेले. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एक गुण कमी पडला होता. खाशाबा गप्प बसले नाहीत. त्यांनी थेट पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपली जागा परत मिळवली.

आरक्षणाचा विषय निघाला की "आम्हाला मेरिट हवे" असे सांगणाऱ्यांनी हा एक गुण आठवावा. तो गुण तराजूने मोजलेला नव्हता, पंचाच्या हाताने दिलेला होता. पंचाचा हात कोणाकडे झुकतो हे अनेकदा आधीच ठरलेले असते. खाशाबांनी दाद मागितली म्हणून ते हेलसिंकीला पोचले. ज्यांना दाद मागायची जागाच ठाऊक नव्हती, असे किती जण त्या एका गुणावर घरी बसले असतील, याचा हिशेब कोणत्याच दफ्तरात सापडणार नाही.

गहाण पडलेले घर

संघात नाव आले, पण प्रवासाचा खर्च कोण करणार? मुंबई सरकारचे दार ठोठावून झाले. मदत मिळाली नाही. गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी जमेल तसे पैसे गोळा केले. तेही पुरेनात. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चे ७,००० रुपये, एका विद्यार्थ्यासाठी.

खाशाबांनी हेलसिंकीत फ्रीस्टाइल बँटमवेट गटात कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली, दमवणारी कुस्ती झाली आणि ती गेली. त्या कुस्तीनंतर लगेचच त्यांना सोव्हिएत मल्ल राशीद मामेदबेकोव्हसमोर उभे केले गेले. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला तिथे एकही भारतीय अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले, लिअँडर पेसच्या रूपाने. मध्ये ४४ वर्षे गेली.

मित्रांनो, बाबासाहेबांनी आयुष्यभर प्रतिनिधित्वाची मागणी का केली, हे समजायला हेलसिंकीची ती दुपार पुरेशी आहे. नियम पुस्तकात होता. माणूस दमलेला होता. त्याच्या बाजूने बोलणारा मात्र कोणी नव्हता. साउथबरो समितीपुढे असो की गोलमेज परिषदेत, बाबासाहेबांचा युक्तिवाद हाच होता. कायदा कितीही चांगला असला तरी तो वापरायला तुमचा माणूस त्या खोलीत असावा लागतो. नसेल तर तुमचा हक्क कागदावर पडून राहतो.

पदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड रंगवले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवले. देशाला पदक देणाऱ्या माणसाने देशाचा खर्च स्वतःच्या अंगमेहनतीने फेडला. यात त्यांचे मोठेपण आहेच, पण सरकारची लाजही आहे. आपण मोठेपणाचा तेवढा उत्सव करतो.

एकाच तालुक्यातल्या दोन बैलगाड्या

पदक घेऊन खाशाबा कराड स्टेशनवर उतरले तेव्हा त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्या आल्या होत्या. ढोल, लेझीम, गुलाल. स्टेशनपासून गावापर्यंतचा एरवी पाव तासाचा रस्ता मिरवणुकीला सात तास पुरला. कराड तालुक्याच्या आठवणीतला हा सोनेरी दिवस आहे आणि तो आठवलाच पाहिजे.

याच तालुक्यात आणखी एक रेल्वे स्टेशन आहे, मसूर. १९०१ साली तिथे नऊ वर्षांचा भीमराव उतरला होता. सोबत थोरला भाऊ आणि बहिणीची मुले. वडील गोरेगावला दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत त्यांच्याकडे जायचे म्हणून पोरे नवे कपडे घालून साताऱ्याहून निघाली होती. वडिलांना पत्र वेळेत पोचले नाही, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. स्टेशन मास्तरने जात विचारली. पोरे महार आहेत हे कळल्यावर त्याचा चेहरा पालटला आणि तो आपल्या खोलीत निघून गेला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवाला यांना बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि अट अशी की गाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. वाटेत रात्रभर प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे आणि जगभरच्या विद्यापीठांत ते वाचले जाते.

मसूर आणि गोळेश्वर एकाच तालुक्यात आहेत. दोन घटनांमध्ये ५१ वर्षांचे अंतर आहे. वाहन तेच, बैलगाडी. एका पोरासाठी शंभर गाड्या जुंपल्या गेल्या आणि एका पोराला दुप्पट पैसे देऊनही गाडीवान मिळाला नाही. मी ही तुलना खाशाबांना कमी लेखण्यासाठी करत नाही. त्यांनी कोणाची गाडी अडवली नव्हती. ते स्वतः सत्तेने आणि क्रीडासंघटनांनी डावललेले होते. तुलना एवढ्यासाठी की, या मातीत उत्सव कोणाचा होतो आणि कोणाला साधे प्रवासाचे साधनही नाकारले जाते, हे ठरवणारी यंत्रणा आपल्या इतिहासाच्या मध्यभागी आहे. १९५२ ची मिरवणूक सांगताना १९०१ चे मसूर लपवले, तर कराडचा इतिहास अर्धाच सांगून होतो.

शाहूंचा प्रवास आणि तालमीतला मारुती

खाशाबांच्या मागे कोल्हापूरची कुस्ती होती आणि कोल्हापूरच्या कुस्तीमागे राजर्षी शाहू होते. १९०२ मध्ये शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने क्रीडागार पाहिले आणि तसा आखाडा कोल्हापुरात बांधायचे मनात घेतले. १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे राहिले. त्याच परदेश प्रवासात असताना, २६ जुलै १९०२ रोजी, त्यांचा तो हुकूम निघाला ज्याने संस्थानच्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या.

खासबाग आणि आरक्षण, दोन्हींची बीजे एकाच प्रवासातली. कुस्तीच्या कौतुकात खासबाग सांगितले जाते, आरक्षणाच्या भाषणात २६ जुलै. दोन्ही एकत्र कोणी सांगत नाही. शाहूंच्या डोक्यात मात्र विचार एक होता. ज्यांना मैदान मिळाले नाही त्यांना मैदान द्यायचे, मग ते मातीचे असो की कचेरीचे. याच शाहूंनी गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला आणि मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत, तुम्हाला तुमचा पुढारी सापडला आहे, असे बाबासाहेबांकडे बोट दाखवून सांगितले.

आता गावाकडच्या तालमीकडे या. तालमीत मारुती असतो. तालीम म्हणजे नुसती व्यायामशाळा नव्हे, अर्धे देऊळच. ज्या गावात आपल्या आज्या-पणज्यांना मारुतीच्या पायरीला शिवू दिले जात नव्हते, तिथे त्याच मारुतीच्या दारातल्या लाल मातीत आपल्या पोराला कोण उतरू देणार होते? कुस्तीत तर अंगाला अंग भिडते, घाम घामात मिसळतो. विटाळ मानणाऱ्या समाजात यापेक्षा मोठा विटाळ कोणता? तरीही आपल्यातून मल्ल झाले, जत्रांचे फड गाजवून गेले. त्यांच्या नावाच्या पाट्या कुठे लागल्या नाहीत.

म्हणून खाशाबांचा खरा वारसा सांगायचा तर शाहूंपासून सांगावा लागतो आणि शाहूंचा विचार अर्धवट राहिला तो कुठे, तेही सांगावे लागते.

पळवणकर बाळू: ज्याचा दगडही नाही

कुस्तीत अंगाला अंग लागते. क्रिकेटमध्ये तसे लागत नाही, मग तिथे काय झाले ते पाहू.

बाळू पळवणकर चांभार समाजातले, जन्म १८७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. पुण्याच्या युरोपियन क्लबात ४ रुपये महिन्याने मैदानाची निगा राखायचे आणि जे. जी. ग्रेग या इंग्रज फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करायचे. त्यातून देशातला सर्वोत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. पुण्यातल्या हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहाच्या सुट्टीत बाळूंना पॅव्हिलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. चेंडूला स्पर्श चालायचा, कपाला नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ सपाटून हरत असताना बाळूंनी शंभरावर बळी घेतले.

एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध पळवणकर बंधू संघातून बाहेर पडले. भारतीय खेळांच्या इतिहासात खेळाडूंनी जातीच्या अन्यायाविरुद्ध केलेला हा पहिल्या काही जाहीर निषेधांपैकी एक. त्याचे फळ १९२३ मध्ये मिळाले. बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली.

बाळूंचे राजकारण पुढे आपल्या वाटेने गेले नाही. १९३७ मध्ये काँग्रेसने त्यांना बाबासाहेबांविरुद्धच उभे केले आणि ते हरले. यावरून त्यांना विसरून जाणारे आपल्यात आहेत. मला ते पटत नाही. तरुण बाबासाहेबांना बाळूंच्या खेळाचे कौतुक होते. राजकीय मतभेद हा एक हिशेब, मैदानावर मिळवलेली माणुसकीची जागा हा दुसरा. दोन्ही वह्या वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. बाळू १९५५ मध्ये गेले. देशाच्या मोठ्या मैदानांवर राजेमहाराजांची, मंत्र्यांची आणि क्रिकेट संघटनांच्या अध्यक्षांची नावे कोरलेली आहेत. पहिल्या महान भारतीय गोलंदाजाचे नाव तिथे शोधावे लागते.

पदकानंतरची ३२ वर्षे

खाशाबांना दगड तरी मिळाला, असे कोणी म्हणेल. कधी मिळाला ते पाहा. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. तिथेच आयुष्य गेले. सहायक पोलीस आयुक्त होऊन १९८३ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर निवृत्तिवेतनासाठी झगडत राहिले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. उद्या स्वातंत्र्यदिन, आज स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता रस्त्यावर संपलेला. हयातीत ना अर्जुन पुरस्कार, ना पद्म.

मग मेल्यानंतर सन्मान सुरू झाले. शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, तोही मृत्यूला दीड दशक उलटल्यावर. २०१० मध्ये दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला नाव. त्यांच्या नावाने कुस्ती अकादमी उभारण्याची घोषणा २००९ मध्ये झाली, २०१३ मध्ये त्यासाठी निधी मंजूर झाल्याचे सांगितले गेले आणि २०१७ मध्ये, काहीच उभे राहिले नाही म्हणून, त्यांच्या कुटुंबाला ते ऑलिंपिक पदक लिलावात काढण्याची भाषा करावी लागली. पदक विकून अकादमी बांधू, असे सांगण्याची वेळ ज्या राज्यात येते, त्या राज्याने क्रीडा दिन साजरा करताना जरा मान खाली घालावी.

अपघात ही दुर्घटना होती. आधीची ३२ वर्षे ही दुर्घटना नव्हती. ते धोरण होते.

कॉलेजच्या आवारातला दगड कशाला?

कोणी विचारेल, आपण तर व्यक्तिपूजेच्या विरोधातले. बाबासाहेबांनी १९४३ मध्ये पुण्यात रानड्यांवरच्या व्याख्यानात आणि १९४९ मध्ये घटना समितीत विभूतिपूजेचा धोका सांगितला. मग पुतळ्यांच्या, स्मारकांच्या गोष्टी कशाला?

त्याचे उत्तर भीमा कोरेगावला आहे. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब तिथे गेले. त्या स्तंभाकडे देव म्हणून ते गेले नव्हते, पुरावा म्हणून गेले होते. त्यावर नावे कोरलेली आहेत, 'नाक' लागलेली, आपल्या पूर्वजांची. ज्यांना लढाऊ नव्हे म्हणून सैन्यभरतीतून बाहेर काढले, त्यांच्या लढण्याचा तो दगडातला दाखला होता. स्मारक असे वापरायचे असते. पूजेसाठी उभे केले तर ते झोपवते, पुराव्यासाठी उभे केले तर जागे ठेवते.

जगात कॉलेजांनी आपल्या खेळाडूंची स्मारके कशी उभारली, तेही पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतल्या मार्शल विद्यापीठाचा फुटबॉल संघ १४ नोव्हेंबर १९७० रोजी सामना खेळून परतताना विमान कोसळले आणि ७५ जण गेले. खेळाडू, प्रशिक्षक, पाठीराखे, विमानाचे कर्मचारी. विद्यापीठाच्या आवारात त्यांच्यासाठी कारंजे उभारले आहे. दर वर्षी त्याच दिवशी सगळे तिथे जमतात आणि कारंज्याचे पाणी बंद करतात. थांबलेले पाणी सांगते की इथे काही माणसे कमी आहेत. कोणाच्या भाषणाची गरज पडत नाही.

दुसरे स्मारक सॅन होजे विद्यापीठातले. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या तिथल्या दोन काळ्या विद्यार्थ्यांनी पदक घेताना काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली आणि त्यांना संघातून हाकलून दिले गेले. २००५ मध्ये त्यांचे पुतळे कॉलेजच्या आवारात उभे राहिले ते विद्यार्थ्यांनी लावून धरले म्हणून. रौप्य जिंकून त्यांना साथ देणारा गोरा ऑस्ट्रेलियन पीटर नॉर्मन याची पायरी त्या शिल्पात मोकळी आहे. ती त्याचीच इच्छा होती, म्हणजे येणारा कोणीही तिथे उभा राहून साथ देऊ शकेल. दलित पँथरने ज्यांच्याकडून नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरच्या काळातला हा प्रसंग आपल्याला परका नाही.

आणि तिसरे आपल्या घरचे. हैदराबाद विद्यापीठात रोहितसाठी जे स्मारक उभे राहिले ते विद्यार्थ्यांनी उभे केले. ज्या आवारातून त्याला वसतिगृहाबाहेर काढले, त्याच आवारात. खेळाडू असो वा संशोधक, प्रशासन स्मारक देत नाही, विद्यार्थी ते घेतात. सॅन होजेचा आणि हैदराबादचा धडा एकच आहे.

आजची पोरे

हा सगळा जुना इतिहास आहे असे वाटत असेल तर २०२१ आठवा. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मजुरी करणाऱ्या आई-वडिलांचा मुलगा, तिरंदाज म्हणून टोकियो ऑलिंपिकला गेला. परतल्यावर काही दिवसांतच बातम्या आल्या त्या त्याच्या घराच्या बांधकामावरून शेजाऱ्यांकडून धमक्या मिळत असल्याच्या. त्याच ऑलिंपिकमध्ये महिला हॉकी संघ उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या गावात वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाली. संघात दलित मुली जास्त झाल्या म्हणून हरलो, असे ते म्हणत होते. पदक आले की ती भारताची मुलगी, हरली की तिच्या जातीची.

२०२४ मध्ये कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये नेमबाजीचे कांस्यपदक जिंकले. खाशाबांनंतर महाराष्ट्राचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ७२ वर्षांनी. आपल्याकडे गुण नाहीत असे म्हणणाऱ्यांनी हे ७२ वर्षांचे अंतर खेळाडूंच्या नावावर मांडू नये. ते मैदाने, पैसा आणि संधी ज्यांच्या हातात होती त्यांच्या नावावर मांडावे.

मग आपण काय करायचे?

सातारा, सांगली, कोल्हापूरच्या कॉलेजांत आपली पोरे शिकतात. १५ जानेवारीला तिथे खाशाबांच्या फोटोला हार पडणारच आहे. त्या दिवशी आपण तीन गोष्टी मागूया.

पहिली, कॉलेजच्या आवारात खाशाबांच्या नावाची पाटी लागत असेल तर त्यावर फक्त पदक कोरू नका. एक गुण कमी करून डावलल्याचे लिहा, सरकारने मदत न केल्याचे लिहा, प्राचार्यांच्या गहाण घराचे लिहा आणि निवृत्तिवेतनासाठीच्या झगड्याचेही लिहा. त्याच पाटीवर बाळू आणि विठ्ठल पळवणकरांची नावे हवीत. मसूर कराड तालुक्यातच आहे, तेव्हा कराडच्या पाटीवर १९०१ सालची ती बैलगाडीही हवी.

दुसरी, कॉलेजच्या क्रीडा निधीचा हिशेब. जिमखाना शुल्क प्रत्येक विद्यार्थी भरतो. ते कोणत्या खेळावर, किती मुलांवर आणि किती मुलींवर खर्च झाले, अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या किती विद्यार्थ्यांना किट, खुराक, प्रवासभाडे मिळाले, हे माहितीच्या अधिकारात मागा. अर्ज लिहायला एक तास लागतो. खर्डेकरांना घर गहाण ठेवावे लागले, कारण हा हिशेब तेव्हा कोणी विचारला नव्हता.

तिसरी गोष्ट आपल्या घरची. वस्तीतल्या समाजमंदिरात, बुद्धविहाराच्या आवारात खेळाची जागा ठेवा. एक मॅट, एक दोर, दोन डंबेल्स. अभ्यासिका आपण उभ्या केल्या, त्याचा अभिमान आहे. पण बाबासाहेबांनी दिलेल्या संघटनेत समता सैनिक दलही होते आणि त्या दलात शरीर आणि शिस्त दोन्ही होत्या, हे आपण विसरत चाललो आहोत. मुलींसाठी ती जागा संध्याकाळी सातनंतरही उघडी आणि सुरक्षित असली पाहिजे. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली, ती याच दुष्काळी पट्ट्यातल्या रस्त्यांवर पळून.

नागराज मंजुळे यांनी खाशाबांवर चित्रपट हाती घेतला तेव्हा काहींनी नाके मुरडली, यांचा काय संबंध म्हणून. संबंध हाच आहे. ज्यांना दाराबाहेर ठेवले, त्यांनाच दार कसे असते ते नेमके ठाऊक असते. खाशाबा त्या दाराशी दोनदा अडवले गेले आणि दोन्ही वेळा आत घुसले. बाळू आत घुसले, पण चहा बाहेरच प्यायले. मसूरच्या पोरांना गाडीत बसायलाही दुप्पट मोजावे लागले, आणि त्यांच्यातल्या एकाने पुढे देशाच्या घटनेत कलम १७ लिहून अस्पृश्यताच बेकायदा ठरवली.

येत्या १५ जानेवारीला कॉलेजात हार घालायला कोणी बोलावले तर जरूर जा. हार घाला, आणि खिशातून माहिती अधिकाराचा अर्ज काढून टेबलावर ठेवा. खाशाबांना त्या हारापेक्षा तो अर्ज जास्त आवडला असता. दाद मागितल्याशिवाय आखाड्यात उतरता येत नाही, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक होते?

जय भीम.